उपाशीपोटी

सकाळी सात ते नऊ मी साखर मोजते.
शुक्रवार पेठ, पहिला मजला, खाली सायकलचं दुकान.
लोक नुसती चूळ भरून येतात, बाही वर करतात
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात.

माझ्या आधी हे काम मुंग्या करायच्या.
जुन्या वैद्यांनी म्हणे लिहून ठेवलंय:
ज्याच्या लघवीला मुंग्या लागतील
त्याच्या अंगात मध झिरपतोय, असं समजावं.
पगार नाही, सुट्टी नाही, रिपोर्ट त्याच दिवशी.

काल बन्सीलाल परदेशी आले, रविवार पेठेतले गाठीवाले.
"लवकर घ्या बाई, पाडवा आला तोंडावर.
भट्टीवर पाक ठेवून आलोय,
पोरगा नवखा आहे, त्याला तार कळत नाही."

शीर सापडेना. म्हटलं, बोट पुढे करा.
सुई आत जाईना.
चाळीस वर्षं उकळत्या पाकाची तार
चिमटीत धरून बघणारी बोटं,
खडीसाखरेसारखी टणक, गुळगुळीत.
रेषाच नाहीत.
"रेशनवाल्याचं मशीनपण असंच अडतं," ते हसले.
"अंगठा ठेवला की म्हणतं, ओळख पटत नाही.
घरात पोत्यांची थप्पी लागलीय
आणि कार्डावरची एक किलो मिळत नाही."

शर्करा म्हणजे मूळचे खडे, रेती.
शाळेत संस्कृतच्या बाईंनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं.
कुणाच्या तरी वहाणेत अडकून निघाला असेल तो खडा,
वाळवंटातून, बंदराबंदरांतून,
आणि प्रत्येक गावाने त्याचं नाव
आपापल्या जिभेवर थोडं थोडं झिजवलं.
राजांनी कुलपात ठेवला. वैद्यांनी गुंजेने तोलला.
मग दूर कुठेतरी कुणाला चहा कडू लागला
आणि जहाजं भरून माणसं नेली,
आधी साखळदंडात,
पुढे कागदावर अंगठे घेऊन.
आपल्याकडची मॉरिशसला उतरली, ऊस लावायला.
त्यांची पणतवंडं अजून गणपतीपुढे झाकरी नाचतात.
ते अंगठे मात्र
पहिल्या फटक्यात उमटले होते.

मी झाले तेव्हा वडिलांनी साखर वाटली नाही.
रेशनला आलीच नव्हती त्या महिन्यात, असं आई सांगायची.
माझ्या भावाच्या महिन्यात आली होती.

तिसऱ्यांदा टोचल्यावर थेंब आला.
तीनशे बारा.
मी आकडा लिहिते, त्याला गोल करत नाही.
"किती तारी झालाय?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, गोळीबंद.
ते आधी हसले, मग त्यांनी चष्मा काढला.

"मी चाखत नाही हो, बाई. कधीच नाही.
पाक हाताला कळतो.
जिभेला कळेपर्यंत करपलेला असतो."
यावर माझ्याकडे कुठलीच टेस्ट नव्हती.
जाताना टेबलावर, बाटल्यांच्या स्टँडशेजारी
एक गाठी ठेवून गेले, पांढरी, आरपार दोरा ओवलेली.
"गुढीला बांधा," म्हणाले. "पैसे नकोत.
तुम्ही घेतलंत की, एवढं थेंबभर."

आज गुढी उभारली.
चिमूटभर कडुनिंब, वर गाठीचा तुकडा.
कडू आधी गेलं, गोड मागे रेंगाळलं,
दाताच्या फटीत, खड्यासारखं.

गॅलरीच्या कठड्यावरून एक रांग
काठीकडे वळत होती. बिनबोभाट.
सगळ्यांची साखर मला पाठ आहे,
माझी मी कधी तपासली नाही.
मी रांगेत बोट ठेवलं.
एक मुंगी चढली, नखापाशी थबकली,
मिशा हलवून विचारात पडली.

मी श्वास रोखून
तिच्या रिपोर्टची वाट बघत उभी राहिले.