अकरा दिवस

माझ्याकडची गोष्ट तेव्हा अकरा दिवस टिकायची.
शेंगदाण्याची चटणी टिकते तशी,
कोरडा चमचा वापरला तर.

दोन हजार सहा साल. धनकवडीहून स्कूटर काढून
मी भोसरीला जायचो, गिअरच्या त्या कारखान्यासमोर,
आणि गुंजाळच्या टपरीवर बसून ट्रक मोजायचो.
रिकामा ट्रक आवाजावरूनच कळतो.
भरलेला गप्प असतो, खड्ड्यात नुसता खाली बसतो.
बँकेच्या जुन्या डायरीत रेघा. पाचवी आडवी.

फाटकावर आबनावे. तो काही सांगायचा नाही.
फक्त म्हणायचा, "आजकाल रात्री झोप कुठली, साहेब,"
आणि मला कळायचं, तिसरी पाळी लागली.

मग बालाजीनगरचं नेट कॅफे, तासाला वीस रुपये,
शेजारी एक पोरगं बंदुका चालवतंय,
आणि मी दोनशे शेअर घेतोय.
आबनावेची झोपमोड मुंबईतल्या काचेच्या इमारतींना
अकरा दिवसांनी कळायची.
त्या अकरा दिवसांत वैजयंतीची पिको-फॉलची मशीन आली,
थोरलीच्या डिप्लोमाची फी भरली,
आणि थोडा माज आला. तो मी लग्नकार्यांत वापरला.
"अभ्यास लागतो," सांगायचो मेव्हण्याला.
अभ्यास कसला. टपरीवरचं बाकडं.

पुढे पाच दिवस झाले. मग दोन.
मग दुधासारखी, उकळून ठेवली तरी
संध्याकाळपर्यंत फाटायची.
मी म्हटलं, माझंच मोजणं चुकतंय.
चष्म्याचा नंबर तपासून आलो.

मेव्हण्याच्या कौस्तुभनं एकदा लॅपटॉपवर दाखवलं:
आभाळातून काढलेला फोटो, कारखान्याचं छप्पर, अंगण,
आणि काडेपेटीतल्या काड्यांएवढे ट्रक,
मोजून ठेवलेले. रोजचे. देशभरातल्या अंगणांतले.
"विकत मिळतं हे, काका. तुम्हाला नाही परवडणार."
टपरी दिसते का, मी विचारलं.
त्यानं मोठं करून पाहिलं.
वर गुलमोहर होता. नाही दिसली.
मला उगाचच बरं वाटलं.

गेल्या मंगळवारी तरी गेलो.
गुंजाळ आता नाही. त्याची सून बसते, चहा पंधरा रुपये.
साडेनऊला फोन उघडला.
बाजार सुरू होऊन पंधरा मिनिटं,
शेअर सात टक्के खाली.
आणि समोर तर काहीच घडलं नव्हतं.
तेच फाटक, त्याच मोटारसायकली,
गणपतीच्या तसबिरीला ताजा हार.

आबनावे रस्ता ओलांडून आला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाकड्यावर टेकला,
माझ्या फोनकडे हनुवटी केली.
"बघा ना त्यात. तिसरी पाळी राहणार का?
आत कुणी काही बोलत नाही."

मी त्याला आकडा सांगितला.
"म्हणजे काय?"
"म्हणजे कुणाला तरी माहीत आहे."
"कुणाला?"

चहावर साय धरली होती.
तेवढ्यात फाटक उघडलं, एक ट्रक बाहेर पडला.
मी सवयीनं डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं.

"रिकामा," आबनावे म्हणाला.
स्वतःहून.