एकतीस चौदा

कळ्याच्या अलीकडं पुढचं डावं चाक बसलं.
गुऱ्हाळावरचा गुळव्या धावत आला,
कमरेच्या टॉवेलला हात पुसत.
समोरासमोरचे नट आवळताना म्हणाला,
"ही स्टेपनी बारीक हाय ओ बाई, दमानं जावा."

दमानंच आले.
एका अंगाला कलंडलेली गाडी, काटा तिसावर.
उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांनीसुद्धा मागं टाकलं.
एकीतलं पोर कांडं चघळत
दिसेनासं होईपर्यंत माझ्याकडं बघत होतं.

फुलेवाडीला बाबालाल मुल्लाणीनं
गाडी थांबायच्या आत मान हलवली.
"पुढं लावली व्हय? मागचं चाक पुढं घ्याचं,
हिला मागं टाकायचं. वढायचं काम हिचं न्हवं.
आणि हवा? साठ लागती हिला. हितं बावीस हाय."
मग उकिडवा बसला, थुंकीच्या अंगठ्यानं
धूळ पुसून चार आकडे दाखवले.
"एकतीस चौदा. एकतिसावा आठवडा, चौदा साल."

अहो, पण ही आज पहिल्यांदा बाहेर आली, मी म्हटलं.
डिकीत होती. ऊन नाही, खडी नाही.
अंगावर रबराचे केस आहेत बघा अजून.

"केसांचं काय घिऊन बसलाय!
रबर हाय ते. पडून पडून बी म्हातारं हुतंय.
सा वर्सं झाली की दाखवत जावा. धा म्हंजे रामराम."
त्यानं दोन्ही अंगठ्यांनी कड वाकवली.
टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या,
सोडल्यावर मिटल्या.

चौदा सालचा एकतिसावा आठवडा.
जुलैचा शेवट, ऑगस्टची सुरुवात.
त्याच आठवड्यात प्राचार्यांनी पत्र दिलं होतं:
इतिहास, तासिका तत्त्वावर,
पुढील आदेश होईपर्यंत.
सुट्टीचे पैसे नाहीत.
पत्र कपाटात आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.
ऊन नाही, खडी नाही.

हे बाबालालला सांगायचं काय कारण?
मी एवढंच विचारलं, हिच्यावर ऐंशी लिहिलंय ते?
"त्याच्या वर पळवायचं न्हाई. आणि लांबचं तर न्हाईच.
दुकान गाठायपुरती असती ही.
पण लोक चार-चार म्हैनं फिरत्यात तिच्यावर,
भागतंय म्हणून."
भागतंय म्हणून, मी म्हटलं.
"व्हय. भागतंय तवर कोन बदलतंय?"

पंक्चर काढून त्यानं जुनं चाक जागी चढवलं.
स्टेपनीवर खडूनं फुली मारली, ढिगावर फेकली.
"नवी मंगळवारी येईल. तवर बावड्याकडं जाऊ नका."
सोमवारी आठ-दहाला तास आहे हो.
"मग? बदलीला कोन न्हाई व्हय तुमच्या?"
मला हसूच आलं.
तो पाना हातात धरून बघत राहिला,
काय चुकीचं बोललो, अशा नजरेनं.

डिकीत गोल खड्डा रिकामा.
त्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला,
एकशे बारा, अजून तपासायच्या.
रंकाळ्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला
तो आत आपटत होता.