चार इंच

ती म्हणाली, स्कूटीवरून पडले, काठी अंगाखाली आली.
मी म्हटलं, बरं.

जुन्या इंदुरात, चंद्रभागेच्या पुलाअलीकडे
माझं कातारकामाचं दुकान. लाटणी, पाळण्याचे खूर,
नवरात्राआधी दांडियांची घाई,
कधीमधी एखाद्या आजोबांच्या काठीला शेंबी.
पूलची काठी मात्र पहिल्यांदाच हातात आली:
कॅनडाचं लाकूड, म्हणे. पांढरं, बिनगाठीचं,
नखानं वाजवलं तर एकच स्वच्छ सूर,
आणि टोकापाशी तोच सूर फुटलेला.

लाकूड खोटं बोलत नाही असं म्हणतात.
बोलतं. वर रंग चढला की सांगाल ते बोलतं.
पण ही चीर ताजी होती,
तिला अजून कुणी पढवलं नव्हतं.
रस्त्याचा मार चेपतो, खडीचे दात उठवतो.
ही तिरकी गेली होती, पिळवटून,
दोन्ही हातांनी धरून कशावर तरी हाणल्यासारखी.
आणि फटीत हिरवी लव. बनातीची.

मी फुंकर मारली.

"कापावी लागेल."
"किती?"
चीर संपते तिथे पेन्सिल टेकवली,
मग अर्धा इंच आणखी खाली,
कारण चीर नेहमी दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते.
मृणाल घोरपडकर, वय बावीस,
तुकोगंजातल्या तळघरात रोज संध्याकाळी
पोरांना हरवते (हे तिनंच सांगितलं),
माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिली
न्हाव्याच्या कात्रीकडे आरशातून बघतात तशी.

चार इंच.
करवत चालली तेव्हा तिनं तोंड रस्त्याकडे केलं.

पुढचं काम सांगण्याचं नाही, करण्याचं.
निमुळती होत जाणारी वस्तू मध्येच तोडली
की टोक जाड उरतं. शेंबी बारीक, लाकूड जाड.
अर्धा मिलिमीटर उतरवायचा
तर वीतभर मागून सुरुवात करावी लागते,
नाहीतर अंगठ्याला पायरी लागते.
(वडील म्हणायचे, डोळ्याला फसव, अंगठ्याला नको.)
जुनी शेंबी तापवून सोडवली,
आतला वाळका गोंद खरवडला,
मग लेथवर कूस काढली, तिच्या पोटात बसेल एवढी,
ठोकावी लागू नये, डुगडुगूही नये,
मध्ये गोंदापुरती जागा.
वर चामड्याची नवी टिकली,
कानशीनं गोल केली, जुन्या रुपयाच्या बेतानं.
रात्रभर शिकंज्यात.

सकाळी काचेवर लोळवली. सरळ.

वहीत कामापुढे कारण लिहायची माझी सवय.
लिहिलं: पडली. रुपये चारशे.
तिनं ते वाचलं.
वाचलं हे मला कळलं, आणि कळलं हे तिला.
दोघांनीही सुट्ट्या पैशांची चर्चा केली.

महिन्याभरानं मावशीचं लाटणं घेऊन आली,
ज्याला काहीही झालेलं नव्हतं.
म्हणाली, "वजन मागे गेलंय, काका.
आणि आता फार वाकावं लागतं,
हनुवटी जवळजवळ टेबलाला लागते."
"मग? त्रास होतो?"
"होतो," म्हणाली. मग जरा थांबून,
"पण तिथून चेंडू मोठा दिसतो."
लाटण्याचे वीस रुपये ठेवले फळीवर.
मी घेत नव्हतो; हाक मारेपर्यंत
पुलावर पोचली होती.

ते चार इंच माझ्याकडेच राहिले.
शेगडीत जायचे होते,
पण त्याच आठवड्यात कानशीची मूठ निखळली.
चिरेत सरस भरला, वर दोरा आवळला, बसवली.
हाताला छान लागते.
फक्त दुपारी, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं
आणि मी रागानं घासायला घेतलं,
की दोऱ्याखालून कुरकुरते.

मग मी जरा हळू घासतो.