कलम चौदा (ख)

ॲबरडीनच्या कचेरीत मी मिनिटं मोजायचे.
हातात स्टॉपवॉच, पुढ्यात तक्ता:
शेती, धर्म, मुलं, कला, गेलिक,
आणि तळाशी, अगदी शेवटच्या ओळीत,
‘ऐकू न येणाऱ्यांसाठी, आठवड्याला वीस मिनिटं.’
अठराच भरली तर चॅनलला पत्र जायचं.
मीच टाइप करायचे,
दोन मिनिटांसाठी तीन परिच्छेद.

सगळंच काही सोनं नव्हतं.
बुधवारचा ऑर्गन ऐकायला
वाजवणाऱ्याची बायकोसुद्धा बसत नसेल.
आणि माझ्या आईसारखं बोलणारं माणूस
बातम्यांत कधी दिसलं नाही,
दिसलं तर बोट बुडाल्यावर.

मग परवान्यांचा लिलाव झाला.
वरून परिपत्रक: आता प्रेक्षकच निवडतील.
माझा तक्ता अर्ध्या पानाचा झाला,
चॅनल चाराचे चाळीस.
खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष मजेत गेलं.
एका मालिकेत पीटरहेडची मुलगी होती,
हुबेहूब आईसारखी शिवी हासडायची.

नंतर
रात्री नऊला एकाने केक भाजायला घेतला.
त्याला गिऱ्हाईक मिळालं
म्हणून शेजारच्यानेही ओव्हन तापवला.
चाळीस खिडक्या, एकच स्वयंपाकघर.
तसा हुकूम कुणाचाच नव्हता;
जो तो फक्त दुसऱ्याच्या ताटात डोकावला.

डूगल रेनी आमच्या खालच्या मजल्यावर राहतो.
जाळी विणायचा. जन्मापासून बहिरा.
रविवारी अकराला कोट घालून टीव्हीसमोर बसायचा,
घरी पाहुणी यायची असल्यासारखा.
पडद्यावर एक बाई हातांनी बोलायची:
हॅडकचा भाव, कुणाचं लग्न, एखादा चावट विनोद.
तो खदखदून हसायचा.
त्याचं हसू त्याला ऐकू यायचं नाही,
मला वर यायचं.

त्याला कलम चौदा (ख) ठाऊक नव्हतं.
मला त्या बाईचं नाव ठाऊक नव्हतं.
मी फक्त बटण दाबायचे. सुरू. बंद.
वीस मिनिटं, चार सेकंद.

आताही रविवारी अकराला
त्याच्या खिडकीत निळा उजेड असतो.
केक फुगतो. परीक्षक रडतात.
खालून काही येत नाही.

काल जिन्यात भेटला.
रिमोट दाबल्यासारखा अंगठा हलवत राहिला,
हलवत राहिला, चाळीस वेळा तरी,
आणि मग दोन्ही तळवे उघडून दाखवले.

खुणांची भाषा मला येत नाही.
एवढी आली.