रुग्णसंख्या

अर्जात एक चौकट असते : रुग्णसंख्या.
बावीस वर्षं मी तिच्यात सात लिहिते.
कधी सहा. एकदा आठ.
चौकट सात आकडे मावतील एवढी लांब.
पैसे देणारे फोनवर विचारतात, फक्त सात?
आवाज सौम्य असतो त्यांचा.

आमच्या दोन खोल्या आणि उणे ऐंशीवरचा एक फ्रीझर.
सिंदेवाहीची लाइन गेली
की उरकुडे जेवता जेवता उठतो,
खरकट्या हातानं जनरेटर ओढतो.

मी माणसं काढते कागदावर.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
आजार असेल तर काळं भरायचं,
गेलं असेल तर वरून तिरपी रेघ.
ही रेघ मी परत आल्यावर मारते,
त्यांच्या अंगणात बसून नाही.

नन्नावऱ्यांचा प्रणय तेव्हा चार वर्षांचा.
रक्ताच्या नळीचं जांभळं झाकण
हवं होतं त्याला. दिलं नाही.
एसटीत कंडक्टरनं थर्माकोलचा डबा हलवून पाहिला,
मासोळ्या काय, मॅडम?
नागपूरपर्यंत तो मी मांडीवर धरला.

अकरा वर्षांनी हैदराबादहून उत्तर आलं.
तीन अब्जांतलं एक अक्षर,
जीच्या जागी ए.
आजाराला नाव मिळालं. औषध नाही.
प्रणयवर तोवर रेघ पडून गेली होती.

तरी गेले. धान कापणं सुरू होतं,
सयाबाई बांधीतून विळा घेऊनच आली.
मी कागद उलगडला :
अर्धं काळं वर्तुळ, ही तू.
शेजारी अर्धा काळा चौकोन.
"हा कोन होय?"
त्याचा बाप.
"म्हंजे त्याच्याकडूनई आलं?"
दोघांकडून. आणि कुणाच्या करण्यानं नाही.

ग्रहणात तिनं भाजी चिरली होती म्हणे.
हे तिला हापशीवर सांगितलं गेलं, लग्नांत,
पोराच्या तेरवीलासुद्धा.

विळा तिनं खाली ठेवला.
"हे लिवून द्या. मोठ्या अक्षरात लिवजा.
अन् शिक्काई मारजा."

शिक्का संस्थेत राहिला होता.
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले,
पर्समध्ये फक्त शिक्का आणि पॅड.

माझे चार शोधनिबंध आहेत,
कोणी कुठे टांगलेले नाहीत.
तो कागद मात्र लॅमिनेट होऊन
सासूच्या बाजेसमोर खिळ्याला आहे.
म्हातारीला वाचता येत नाही.
येणाऱ्याजाणाऱ्याला सयाबाई
तो मोठ्यानं वाचायला लावते.