वजन

पवनीच्या आठवडी बाजारात मी भांड्यांवर नावं घालतो.
बसलो तेव्हा अक्षराला चार आणे होते,
आता पाच रुपये. काना-मात्रा फुकट.

धान विकले की तानाबाई शहारे येते,
पदराआड नवा पितळी गुंड,
कोणाचं तान्हं आणल्यासारखा.
घरात असे अकरा.
एकातही कधी पाणी भरलं नाही.

आधी ती नोटाच ठेवायची,
तांदळाच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यात.
कीड लागली नाही, उंदरानं तोंड लावलं नाही.
सात वर्षांनी काढल्या, तशाच करकरीत.
ठेवल्या तेव्हा तीन गुंडांचे पैसे होते ते.
एक आला.
झाकण उधार.

"कोणाचं घालू? तुझं, का पोराचं?"
"नाव नोको, बापू. नावं बदलतेत.
वजन टाक."

आकड्यांचा भाव माझ्याकडे नव्हता.
अक्षराचाच लावला, ठोकत गेलो:
तीन किलो दोनशे.
शेवटची दोन शून्यं तिनं बोटानं चाचपली.
"हे तं नाही ना झिजत?"

संध्याकाळी गल्ल्यातल्या नोटा मोजल्या,
परत मोजल्या,
आणि कासार दुकान आवरायच्या आत
एक पळी घेतली.
तिच्यावर अजून काही कोरलेलं नाही.