ढिला पट्टा

सत्त्याण्णवचा मे महिना,
पारा सेहेचाळीसवर, कूलरला पाणी नाही,
आणि गोळीबार चौकात पानठेल्यामागे
हेमराज निनावे अन् अनंत बोदेले
इंग्लंडवरून भांडतायत.

इंग्लंड म्हणजे दोन कॅसेटी.
बोदेलेचं कोल स्ट्रीट, बर्डीवरून रोख घेतलेलं:
वडील रेल्वेत, अजनीला क्वार्टर.
निनावेचं पेल आवर, मी भरून दिलेलं,
माझ्या भावाच्या रेडिओदुरुस्तीत, दोन खणांच्या डेकवर,
त्याच्या मामाच्या भजनी मंडळाची कॅसेट पुसून.

"पेल म्हनते, आवर म्हनते,"
त्याची आई मागावरून मान न उचलता बोलायची,
"तुयाच्यानं ना पेलनं होत, ना आवरनं."

बोदेले म्हणे, तुमचा गायक झोपेतून उठवून आणला का बे?
कोल स्ट्रीटचा ड्रमर ऐक. कारखाना चालते जसा.
निनावे म्हणे, कारखाना ऐकाचा तं हिंगण्याले जा, फुकट आहे.
आमचा मानूस घाई करत नाही.
एकेका शब्दावर बसते, पानी पिते, मंग उठते.
अन् खंजिरी आहे का तुमच्यात?

खंजिरी खरंच होती.
दोन गाण्यांमधल्या शांततेत, खूप दूर,
नीट न पुसलेलं मामाचं मंडळ
अजून वाजत होतं.
काय डोकं आहे गोऱ्यांचं, निनावे म्हणायचा,
आणि पुढच्या गाण्याआधी डोळे मिटायचा.

शब्द कोणालाच कळत नव्हते.
कोल स्ट्रीटच्या एका धृपदात
आम्हा तिघांनाही स्वच्छ 'रामटेक' ऐकू यायचं.
तेवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

आता माझं.
डेकचा रबरी पट्टा ढिला होता.
मूळ कॅसेट ज्या खणात फिरायची
तो खण उन्हातल्या बैलासारखा चालायचा.
गाणी सावकाश उतरली, सूर खाली घसरला,
आवाज जड झाला, छातीतळातून आल्यासारखा.
मी ते पहिल्याच दिवशी ओळखलं.
सांगणार होतो.
मग त्यांच्या घरचा माग विकला गेला,
रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून निनावे बसला होता,
टेप मांडीवर, तोच जड आवाज,
आणि मी नुसता शेजारी बसून आलो.
पट्टा बारा रुपयांना मिळत होता.

सत्तावीस वर्षं गेली.
परवा त्याच्या मुलीनं मोबाइलवर पेल आवर लावलं.
पातळ आवाज. शहर बस सुटत असल्यासारखी धावपळ.
खंजिरी नाही.
"हे डुप्लिकेट आहे," निनावेनं मला फोन केला.
म्हटलं, कंपनीचंच असेल रे.
"मंग कंपनी चुकली."

मला स्कूटरवर मागे बसवून तो मनीषनगरला गेला,
बोदेलेच्या फ्लॅटवर, लिफ्ट बंद, तिसरा मजला.
बोदेलेनं बीपीची गोळी घेतली, चष्मा पुसला
(ऐकायला चष्मा कशाला, कोण जाणे),
पूर्ण गाणं ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.
मी पोह्यांवरची तर्री बघत होतो.

"नाही," बोदेले म्हणाला.
"हा तो नाही. तो जड होता.
अकरा वर्षं त्याले शिव्या देल्ल्या मी,
मले मालूम नाही का त्याचा आवाज?
अन् खंजिरी कुठी गेली?"

निनावे काही बोलला नाही.
पंख्याकडे बघत राहिला, मग बशीतला एक शेव उचलून
तसाच परत ठेवला.

"म्हंजे बोगसच होता तो,"
बोदेले म्हणाला, "कोल स्ट्रीटपुढे."

"रामटेक, रामटेक," निनावे म्हणाला, "दुसरं काय येते तुमच्यावाल्याले?"
आणि खुर्ची पुढे ओढली.
माझ्या तोंडात घास होता.